चूक त्याची, बोनस आपला
"टेम्पोने मागून ठोकलं, मग माझा नो क्लेम बोनस का गेला?" या प्रश्नावर: हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट. ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, चूक कोणाची हे बघतच नाहीत. क्लेम घेतला की बोनस शून्य. टेम्पोवाल्याच्या थर्ड पार्टी विम्यातून (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या) वसूल करायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. म्हणजे तारखाच तारखा.

मला परशुराम घाटात असंच ठोकलं होतं. डिकी चेपली, बंपर फुटला. झीरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं कव्हर) नव्हतं, त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे माझेच, वर १००० रुपये सक्तीची वजावट. ५० टक्के बोनस गेला तो वेगळाच. आधी डेंटरकडून खर्चाचा अंदाज घेऊन क्लेम परवडतो का याचं गणित मांडायला हवं होतं, पण तेव्हा डोकं तापलेलं!

आणि हो, पत्रा ठोकून झाला की प्राइमर त्याच दिवशी मारून घ्या. आपल्या कोकणच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्यावर लगेच तांबूस टिकल्या उठतात. आमच्या पेंटरने त्यावरच लांबी (पुट्टी) भरली. पुढच्या पावसाळ्यात डिकीच्या कडेला रंग फुगला, नख लावलं तर अख्खा पापुद्रा हातात. तो खर्च कुठल्याच पॉलिसीत बसत नाही.