शेफचा पगार महिन्यावर सांगूच नका, तासावर सांगा

मूळ मुद्दा (सू-शेफ, म्हणजे हेड शेफच्या खालोखालचा शेफ)
नवीन ऑफर आली की सगळे ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा आकडा विचारतात, मीही तेच केलं. कापून हातात आलं तेव्हा वाटलं टॅक्सनेच खाल्लं सगळं. मग महिनाभर वहीत तास लिहिले, सकाळी प्रेप (चिरणं, सॉस वगैरे पूर्वतयारी), मधला ब्रेक ज्यात घरी जाऊन येणं जमत नाही, परत डिनर सर्व्हिस, मग साफसफाई आणि उद्याची ऑर्डर. करारात आठवड्याला 40, प्रत्यक्षात 60, ओव्हरटाइम शून्य. समजा पगार 100, कपात 22, हातात 78. म्हणजे टॅक्सने 22 टक्के नेले पण फुकटच्या तासांनी माझा ताशी दर चक्क एक तृतीयांश खाली आणला! हातातली रक्कम भागिले खरे तास, हाच खरा पगार.

हेड शेफ
अजिबात पटलं नाही. एस्कॉफियेसारखा नावाजलेला फ्रेंच शेफ 13 व्या वर्षी काकांच्या किचनमध्ये लागला, घड्याळ बघून शिकला नाही. कॉमीपासून, म्हणजे किचनमधल्या सगळ्यात खालच्या शिकाऊ कुकपासून, वर येताना जे हाताला वळण लागतं ते तासाच्या हिशेबात बसत नाही. मी तसाच वर आलोय.

लाइन कुक
दादा, तुम्ही आलात, पण लाइनवर, म्हणजे शेगड्यांपाशी, दहा जण आणि हेडची खुर्ची एक, बाकीच्या नऊ जणांनी काय करायचं? मिशेलिन गाइडचा मानाचा स्टारसुद्धा रेस्टॉरंटला मिळतो, शेफला नाही, नोकरी सोडली की तो तिथेच राहतो. आणि कोपनहेगनच्या नोमासारख्या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटमध्येही इंटर्नना पगार 2022 मध्ये सुरू झाला, तोवर शिकवतोय या नावाखाली फुकटच राबवून घेत होते की.

पेरोलचं काम करणारी
एक गैरसमज काढते. किचनमधले लोक बढती नको म्हणतात, का तर वरच्या स्लॅबमध्ये गेलो की हातात कमी येईल. अहो, वरचा दर फक्त वरच्या रकमेवर लागतो, आधीच्या पगाराला तो शिवत नाही. उलट टिप्स कॅशमध्ये घेऊन न दाखवणं महागात पडतं, कर्ज, पेन्शन, आजारपणाची भरपाई, हे सगळं बहुतेक ठिकाणी कागदावरच्या कमाईवरच ठरतं. हात भाजून घरी बसलेल्यांचे कागद बघितलेत मी, फार वाईट वाटतं.

रेस्टॉरंट चालवणारा
सगळे 60 तास भरून दिले तर मेन्यूचे दर वाढवावे लागतील आणि गिऱ्हाईक पळेल. भाडं, माल, गॅस, काही थांबत नाही.

सू-शेफ
मान्य, पण मग मेन्यू छोटा करा, प्रेप कमी होईल, आठवड्यात एक दिवस जास्त बंद ठेवा. सर्व्हिस चार्ज फक्त फ्लोअरवर, म्हणजे वेटर मंडळींत वाटता, त्यात किचनचा वाटा धरा, तोही पगारपत्रकावर. टिप्सचं ताईंचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. तासांचं मात्र मी सोडणार नाही, पुढच्या इंटरव्ह्यूला वही घेऊनच जाणार आहे.