मार्डी ग्रा परेडमध्ये मंडळाचा फलक : सभासदांचा पत्रव्यवहार

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

सिडनीत दरवर्षी निघणाऱ्या समलिंगी समुदायाच्या मार्डी ग्रा परेडमध्ये दक्षिण आशियाई गटाबरोबर आपल्या मंडळाचाही फलक असावा, ही सूचना वाचली. कोणाच्याही खासगी आयुष्याला माझा विरोध नाही. मात्र मंडळ भाषेसाठी आणि सणांसाठी स्थापन झाले आहे. शिवाय 2017 साली ऑस्ट्रेलियात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्कही मिळाल्यानंतर एवढ्या जल्लोषाचे प्रयोजन काय, हे कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

आपला,
माजी कोषाध्यक्ष

—

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आपण मोकळेपणाने विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. या परेडच्या पहिल्याच रात्री 53 जणांना अटक झाली होती. न्यूयॉर्कमध्ये 1969 साली पोलिसांच्या छाप्याविरुद्ध समलिंगी लोकांनी केलेल्या स्टोनवॉलच्या उठावाची आठवण म्हणून 24 जून 1978 रोजी रात्री लोक टेलर स्क्वेअरहून हाइड पार्ककडे गात, नाचत निघाले. पोलिसांनी ध्वनिक्षेपकाचा ट्रक जप्त केल्यावर जमाव किंग्ज क्रॉसकडे वळला आणि तेथे त्यांना मारहाण करून गाड्यांत कोंबण्यात आले. पुढे बहुतेक खटले मागे घेतले गेले. परंतु ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ने अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि व्यवसाय छापून टाकले होते, आणि त्यामुळे काहींना नोकरीस मुकावे लागले. पुरुषांमधील समलिंगी संबंध या राज्यात 1984 पर्यंत गुन्हा होते. राज्याच्या विधिमंडळाने आणि त्या वृत्तपत्राने माफी मागितली ती 2016 साली. त्या रात्री रस्त्यावर असलेली मंडळी आजही परेडमध्ये मानाने चालतात. नाव छापले जाण्याच्या भीतीत ज्यांनी तारुण्य काढले, त्यांनी भर रस्त्यात, दिव्यांच्या झगमगाटात चेहरा उघडा ठेवून नाचावे, हेच त्या जल्लोषाचे प्रयोजन आहे असे मला वाटते.

मुंबईत 2008 साली ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीकडे असाच मोर्चा निघाला, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 लागूच होते आणि काहीजण मुखवटे घालून चालले होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले ते 2018 मध्ये. म्हणून हा विषय आपल्या लोकांना परका आहे, असे मी मानत नाही.

विवाहाच्या हक्काविषयी आपण लिहिलेत. माझा भाचा आणि त्याचा नवरा दरवर्षी आपल्या गणेशोत्सवाला येतात, आरतीला उभे राहतात, पंगतीत वाढतात. पण मंडळाच्या कुटुंब सभासदत्वाच्या अर्जावर ‘पती’ आणि ‘पत्नी’ असे दोनच रकाने असल्याने त्यांना दोन स्वतंत्र वर्गण्या भराव्या लागतात. कायद्याने कुटुंब मानलेल्यांना आपण अजून तसे मानलेले नाही. त्यांच्या बरोबरीने आपल्यापैकी काही वडीलधारी माणसे चालली, तर घरी अद्याप काहीही सांगू न शकलेल्या एखाद्या मराठी मुलाला किंवा मुलीला आपल्याकडे यावेसे वाटेल.

आपली,
एक सभासद

—

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

1978 सालचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. फलकाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. मंडळाचे नाव कोठे लावायचे, याचा निर्णय सर्वसाधारण सभेनेच घ्यावा आणि तेथे मी विरोधात मत देईन. अर्जाची गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षे वर्गणी मीच गोळा करत होतो आणि सणाला येणाऱ्या माणसांकडून दुप्पट पैसे घेणे मला मुळीच मान्य नाही. नव्या वर्षाचे अर्ज छापण्यापूर्वी कार्यकारिणीने ते रकाने बदलावेत, ही माझी लेखी मागणी समजावी.

माजी कोषाध्यक्ष