मदत हवी आहे: जुन्या आय३ प्रोसेसरच्या जागी आय७ टाकू का सगळंच नवीन घेऊ? (सोलापूर, बजेट १५ हजार)

जकार्डवाला:

नमस्कार मंडळी. माझं काम टॉवेल आणि चादरीच्या डिझाइनचं, साखर पेठेत मागच्या शेडमध्ये भावाचे लूम आणि पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. आय३ ४१३०, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच स्टिक, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क, विंडोज १०, ग्राफिक कार्ड नाही. घेतला तेव्हा एकदम कडक चालायचा. आता चादरीचं मोठं डिझाइन उघडायला टाकून खुशाल चहा पिऊन यावं, आणि सिम्युलेशन लावलं (म्हणजे विणल्यावर कापड कसं दिसेल ते) की माउससुद्धा हलत नाही. बाजूला ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप चालू असतं कारण पार्टी डिझाइन तिथंच मागते, त्यामुळं ते बंद ठेवा एवढं सोडून काय पण सांगा.

आता माझ्यासमोर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे याच बोर्डावर सेकंडहँड आय७ ४७७०. पुण्यात ओळखीचा माणूस चार हजार म्हणतोय, मेहुणा शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय तो घेऊन येईल. दुसरं म्हणजे इथल्या दुकानदाराचं म्हणणं की हा डबा भंगारात घाला आणि आय३ १२१००, एच६१० बोर्ड, रॅम, एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा पुष्कळ वेगवान डिस्क) असं सगळं नवीन घ्या. पण रॅमचे भाव चढलेत म्हणून तो वीसच्या वर सांगतोय. पुतण्या म्हणतो काका आय७च टाका, पण त्याला त्यात गेम खेळायचेत हे मला कळतंय.

अजून एक अडचण, डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या काळातलं, यूएसबी डोंगलवर (लायसन्सची किल्ली असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) चालणारं. कंपनीचा फोन लागत नाही आणि नवीन व्हर्जन घ्यायचं तर कॉम्प्युटरपेक्षा महाग. काय करू?

कडक भाकरी:

दादा आधी खिशाला हात लावू नका. काम अडकतं तेव्हा कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क तिन्हीचे आकडे इथं टाका. ते बघितल्याशिवाय प्रोसेसर घ्या म्हणणं म्हणजे नाडी न बघता गोळ्या देणं.

जकार्डवाला:

बघितलं. सिम्युलेशनला सीपीयू २७-२८ टक्क्यांच्या वर जातच नाही ओ, मेमरी ९५ आणि डिस्क सारखी १०० वर. डिझाइन उघडताना पण डिस्क १००. सीपीयू रिकामा बसलाय म्हणजे प्रोसेसर चांगला आहे असं समजू का?

हार्डवेअर हमाल:

रिकामा नाही बसलेला. आय३ ४१३० ला २ कोअर ४ थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी एक काम ओढणारी लाइन), म्हणजे एक थ्रेड पूर्ण भरला की टास्क मॅनेजर २५ टक्के दाखवतो. तुमचं सॉफ्टवेअर जुनं असल्यामुळं सगळं काम एकाच थ्रेडवर ढकलतंय, बाकीचे दोन-तीन टक्के व्हॉट्सॲप वगैरे. आता यात आय७ टाकला तर काय होईल ते बघा. ४७७० ला ४ कोअर ८ थ्रेड आहेत, तिथं हेच काम १२-१३ टक्के दिसेल, बाकीचे सात थ्रेड नुसते बघत बसणार. स्पीड ३.४ चा टर्बोवर (गरज पडली की आपोआप वाढणारा स्पीड) ३.९ गिगाहर्ट्झ होतो, म्हणजे फार तर पंधरा टक्के फरक. दहा मिनिटांचं काम साडेआठ-नऊ मिनिटांत. त्यासाठी चार हजार? व्हिडिओ एडिटिंग करत असता तर मीच घ्या म्हणलो असतो.

शिवाय ४१३० हा ५४ वॉटचा, ४७७० हा ८४ वॉटचा. आय३ बरोबर आलेला छोटा कूलर त्याला पुरायचा नाही, आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लोकल असेल तर तोही बघावा लागेल. चाराचे सहा कधी होतात कळत नाही.

तुमचं खरं दुखणं मेमरीचं आहे. ४ जीबीत विंडोज १०, ब्राउझर आणि चादरीचं डिझाइन मावत नाही, मग विंडोज उरलेलं हार्डडिस्कवर टाकतं आणि परत उचलतं, म्हणून डिस्क १०० आणि माउस गोठलेला. एच८१ ला दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबीपर्यंत चालते. सेकंडहँड ८ जीबी डीडीआर३ आणि एक साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्याच जोडणीवर लागणारी), बास.

नवी पेठ:

हमालशी सहमत, पण लूमशेजारी कॉम्प्युटर आहे त्याचं कुणीच बोलेना. माझ्याकडं अशा मशिनी येतात, कूलर उघडला की पंख्याखाली सुताच्या धुळीची अख्खी गादी निघते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला असतो, खोलीतच एवढी गरम हवा तर पंखा बिचारा काय थंड करणार. चिप शंभर डिग्रीच्या आसपास गेली की प्रोसेसर स्वतःच स्पीड खाली आणतो आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर म्हातारा झाला. सकाळी बरा आणि दुपारी जास्त स्लो असं होतं का? असेल तर ब्लोअर मारा (पंखा बोटानं धरून, मोकळा फिरू देऊ नका), प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावा. आणि कॉम्प्युटरचा डबा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा ओ.

कडक भाकरी:

माझं मत थोडं वेगळं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो, ४१३० आणि ४७७० दोन्ही चौथ्या पिढीचे, म्हणजे आय७ टाकूनही त्या बाबतीत आहे तिथंच. मायक्रोसॉफ्टनं सिक्युरिटी अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलीय, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग सिंक केलं तर फुकट मिळते. पुढं कधीतरी नवीन घ्यावंच लागणार हे धरूनच खर्च करा. एसएसडी वाया जात नाही, उद्या नवीन मशिनमध्ये तीच लागते. डीडीआर३ रॅम मात्र नव्या बोर्डात बसत नाही, म्हणून ती सेकंडहँडच घ्या, स्वस्तात.

आणि आय३ १२१०० ला नावं ठेवू नका, नुसता आय३ शब्द बघून लोक नाक मुरडतात. ४ कोअर ८ थ्रेड, ४.३ पर्यंत टर्बो, आणि एकेका थ्रेडला त्या जुन्या आय७ पेक्षा कितीतरी पळतो, तुमच्या सॉफ्टवेअरला नेमकं तेच पाहिजे. पण डोंगल विंडोज ११ वर चालतो का हे कळल्याशिवाय वीस हजार घालू नका. कुणाचा तरी विंडोज ११ चा लॅपटॉप तासभर मागून घ्या, सॉफ्टवेअर टाका, डोंगल लावा. नाही ओळखला तर कितीही भारी मशीन घ्या, तुमच्या काय कामाचं?

जकार्डवाला:

दुपारी जास्त अडकतो हे बरोबर आहे, मी समजत होतो लाइटचं व्होल्टेज कमी येतंय म्हणून. आज उघडला, निघालं त्याचा फोटो टाकत नाही, जेवायच्या वेळा आहेत. पेस्ट आणायला पाठवलंय पुतण्याला, आय७ रद्द म्हणून तो आधीच रुसलाय.

भाच्याच्या लॅपटॉपला विंडोज ११ आहे, रविवारी त्याच्यावर डोंगल लावून बघतो. मेहुण्याला आता आय७ ऐवजी ८ जीबी रॅम आणायला सांगितलंय, एसएसडी इथंच घेतो. एकच विचारायचं राहिलं, जुनी ४ जीबीची स्टिक काढायची का दोन्ही ठेवायच्या?

हार्डवेअर हमाल:

दोन्ही ठेवा, १२ जीबी होईल. स्पीड वेगळा असला तरी दोन्ही कमी स्पीडवर चालतात, काम भागतं. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावून ठेवा, सेकंडहँड आहे. आणि मेहुण्याला नीट सांगा, डेस्कटॉपची डीडीआर३ म्हणून, लॅपटॉपची आखूड स्टिक घेऊन येतील नाहीतर.