हार्डविक हॉल : वरच्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच का?

दगडीपायरी :
इंग्लंडमधील डर्बीशर येथील हार्डविक हॉल १५९० ते १५९७ या काळात बांधला गेला. त्याच्या तळमजल्याच्या खिडक्या बेताच्या, पहिल्या मजल्याच्या त्याहून मोठ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या सर्वांत उंच आहेत. यामागे केवळ डौल आहे, की राहण्याच्या पद्धतीशी काही संबंध आहे? आणि एवढी काच असूनही दगडी भिंती इतकी वर्षे टिकल्या कशा?

चौकट :
संबंध मानमरातबाशी आहे. तळमजला मुख्यतः नोकरचाकरांचा, पहिला मालकीणबाईंच्या रोजच्या वावराचा आणि दुसरा बड्या पाहुण्यांचा होता; ज्या मजल्याचा मान मोठा त्याचे छत उंच, आणि म्हणून खिडकीही उंच. पाहुणे संथ चढणीच्या दगडी जिन्याने थेट वरच्या मोठ्या दालनात पोचत. तेथे भिंतींच्या वरच्या भागात गिलाव्यात उठवलेले रंगीत अरण्य आहे आणि त्यात डायना देवी सपरिवार बसलेली आहे. राहिला भिंतींचा प्रश्न. बरीचशी धुरांडी आतल्या जाड भिंतींत घेतल्यामुळे बाहेरच्या भिंती काचेसाठी मोकळ्या राहिल्या. आराखडा रॉबर्ट स्मिथसन यांचा मानला जातो.

जुनावाडा :
वरील खुलासा पटतो, परंतु डौलाचा भाग त्यात फारच कमी धरला आहे. काच त्या काळी महाग होती, आणि येथे काही खिडक्यांमागे खोलीच नसून धुरांडे आहे. म्हणजे त्या निव्वळ दर्शनी प्रमाणबद्धतेसाठी बसवल्या आहेत. मालकीण एलिझाबेथ टॅल्बट, अर्थात बेस ऑफ हार्डविक, यांचे चौथे पती, श्रूझबरीचे अर्ल, १५९० मध्ये वारले, तेव्हा त्या इंग्लंडमधील सर्वांत धनाढ्य स्त्रियांपैकी एक होत्या. सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर त्यांनी स्वतःची ‘ई. एस.’ (एलिझाबेथ श्रूझबरी) ही आद्याक्षरे दगडात उभी केली. तरीही हिशेबाला त्या पक्क्या! हॅटन घराण्याकडून भित्तीपट विकत घेताना, त्यांवरील कुलचिन्हे बदलावी लागतील या सबबीवर त्यांनी किंमत कमी करून घेतली आणि मग जुन्या चिन्हांवर आपली चिन्हे रंगवलेले कापडाचे तुकडे तेवढे लावून घेतले.

चौकट :
डौल मान्य. मूळ रूप टिकले त्याचे कारण मात्र वेगळे आहे : वंशजांनी, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांनी, मुख्य निवास चॅट्सवर्थला ठेवल्यामुळे हार्डविकमध्ये मोठे फेरबदल झाले नाहीत. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारल्यावर वारसाकराचा प्रचंड बोजा आला आणि त्यापोटी हे घर सरकारकडे गेले. १९५९ पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.