माकडाने थारचा सॉफ्ट टॉप फाडला, घरी दुरुस्त होईल का?

गंगापूर रोडकर:
मंडळी, रविवारी अंजनेरीला गेलो होतो, गाडी पायथ्याला लावली आणि केळ्यांची पिशवी मागच्या सीटवर राहिली, तिथेच माती खाल्ली. परत आलो तर टॉप फाडून पिशवी गायब, सालं बोनेटवर. थार आहे, २०२१ ची, कापडी टॉपवाली. एल आकाराची चीर पडलीय, एक बाजू वीतभर, दुसरी चार बोटं. नवीन टॉपचा भाव ऐकून बायको म्हणे त्यापेक्षा गाडीच माकडाला देऊन टाका. सध्या आतून सेलोटेप आहे. महिन्याभरात पाऊस येईल. घरी जमेल का, फेविक्विक मारू का?

सातपूरचा जीपवाला:
फेविक्विक नको भो! वाळून काचेसारखं कडक होतं, टॉप दुमडला की त्याच्या कडेला नवीन चीर पडते. आणि सिलिकॉन तर चुकूनही नको, मी मागे जुन्या जीपला फासलं होतं, नंतर त्यावर दुसरं काही चिकटायलाच तयार नाही, ब्लेडने खरवडत बसलो अर्धा दिवस.

सिडकोची ताई:
वीस वर्षं शिवणकाम करतेय म्हणून सांगते, नुसती चीर शिवून टाकू नका. टॉप ताणलेला असतो, जवळजवळ टाके घातले की ती भोकं पावतीपुस्तकाच्या पानासारखी फाटत जातात. ताण ठिगळाने घ्यायचा, टाक्यांनी फक्त कडा जुळवून धरायच्या.
टॉप लावून, हुक अडकवून ताठ असतानाच करा, सैल असताना केलं तर नंतर सुरकुती पडते. आधी साबणपाणी, पूर्ण वाळू द्या, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, थिनर किंवा पेट्रोल नको, वरचा थर आणि मागची प्लास्टिकची खिडकी दोन्ही जातील. ठिगळ आतून, चिरेपेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठं, आणि कोपरे वाटी ठेवून गोल कापा, टोकदार कोपरा पहिला उचलतो. दोरा पॉलिएस्टरचा जाड घ्या, सुती उन्हापावसात कुजतो. सुई वाकडी, गादीवाल्यांकडची.

सातपूरचा जीपवाला:
ताई बरोबर. गमचं एक सांगतो, आतली बाजू कापडी असेल तर चपलेचा गम चालतो, दोन्हीकडे लावून जरा सुकल्यावर दाबायचा. पण बाहेरच्या गुळगुळीत बाजूला तो नको, रेक्झिन मऊ राहायला त्यात जे तेलासारखं घातलेलं असतं ते हळूहळू सुटतं आणि गमचा च्युइंगम होतो. तिथे पीव्हीसी, म्हणजे रेक्झिनवरचं प्लास्टिक, चिकटवायचाच खास गम लागतो.

आडगावकर:
एवढी कसरत कशाला, ट्रकच्या ताडपत्र्या करणाऱ्याकडे न्या ना. गरम हवेच्या गनने पीव्हीसी वितळवून पट्टी बसवतात, सुई नको गम नको. फक्त आपला टॉप पीव्हीसीवालाच आहे ना ते बघा, विदेशी कन्व्हर्टिबलचा लोकरीसारखा दिसणारा टॉप असा जोडता येत नाही, त्यात बाहेर ॲक्रिलिकचं कापड, मध्ये रबर, आत अस्तर. आणि लांबूनच मारायला सांगा, जास्त जवळ नेली तर भोकच.

गंगापूर रोडकर:
आडगावकर, गाडी तिकडे न्यायला सुट्टी नाही हो म्हणून ताईंच्या पद्धतीने केलं. शनिवारी शिवलं, चिकटवलं, वर पुस्तकं ठेवणार होतो पण छतावर कशी ठेवणार, शेवटी आतून हाताने दाबत बसलो आणि मान आखडली. आज पाइपने पाणी मारलं, एलच्या कोपऱ्यात एका टाक्यातून थेंब थेंब येतंय.

सिडकोची ताई:
येणारच, सुईची भोकं आहेत ती. तंबूच्या शिवणीला लावतात ते सीम सीलर आणा, पूर्ण वाळलं की काडीने बाहेरून टाक्यांवर, दोन हात. आणि दोन दिवस टॉप उघडू नका हं, हौस असली तरी.

गंगापूर रोडकर:
केलं ताई, थांबलं. आता परत अंजनेरी, पण एसटीने.