मनीप्लांटला रुटिंग पावडर कशासाठी?

पानोपानी

फांदी कशी लावायची असं कुणी विचारलं की हल्ली पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रुटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटवणारी संजीवकाची पूड, लावा. झाड कुठलं, फांदी कोवळी की जून, याची चौकशी नंतर, झालीच तर. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा काढतोय.

घरात आणि गच्चीवर आपण जी झाडं फांदीवरून वाढवतो, त्यातल्या बहुतेकांना बाहेरून संजीवक (वाढीचं हार्मोन) द्यायची गरजच नसते. मनीप्लांटची वेल हातात घेऊन पेर, म्हणजे पान फुटतं तो सांधा, जवळून बघा. तिथे तपकिरी, बोटाला टोचणारा बारीक उंचवटा असतो. ते तयार मूळच आहे, फक्त वाढायचं थांबलेलं. पेराच्या थोडं खाली कापून पेर पाण्यात बुडवलं की ते आपोआप लांबायला लागतं. कोलियस, पुदिना, सिंगोनियम यांच्याही फांद्या सहज मुळं धरतात. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्झिन हे झाडाचं स्वतःचं संजीवक खोडातून खाली उतरतं, कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथून मुळं सुरू होतात. त्यावर पावडर लावणं म्हणजे भरल्या हंड्यात पाणी ओतणं.

शिवाय जास्त झालं तर नुकसान ठरलेलं. टोक काळं पडून कुजतं, किंवा मुळं येतात पण वरचे डोळे (पालवीचे कोंब) फुटत नाहीत. २,४-डी हे तणनाशक याच ऑक्झिन गटातलं आहे. एवढं ठाऊक असलं की "थोडी जास्त लागली तर काय बिघडतं" असं म्हणवत नाही.

गच्चीवरची बोगनवेल

असहमत. मनीप्लांट, पुदिना ही सगळ्यात सोपी उदाहरणं घेऊन तुम्ही निकाल दिलात. बोगनवेल, अनंत, कॅमेलिया, संकरित जास्वंद, पेन्सिलएवढ्या जाडीच्या जून फांद्या, यांच्याबद्दल बोला की.

छाट कलमात, म्हणजे कापलेली फांदी लावून रोप करण्यात, खरी लढाई वेळेशी असते. फांदीला मूळ नाही, म्हणजे पाणी ओढायची सोय जवळजवळ नाही. पानांतून मात्र ते उडतच असतं. साठवलेलं अन्न संपायच्या आत मुळं आली तर फांदी जगणार, नाहीतर वाळणार किंवा कुजणार. कठीण झाडांत संजीवकाने हा काळ कमी होतो, जास्त फांद्या धरतात आणि मुळांची संख्याही वाढते. संजीवक लावलेली बोगनवेलीची फांदी कुंडीतून काढून बघा: खालच्या टोकाभोवती सगळीकडून पांढऱ्या मुळ्यांची झालर असते. न लावलेल्या फांदीला पुष्कळदा एकाच बाजूने एखाददुसरं लांब मूळ येतं, आणि कुंडी बदलताना नेमकं तेच तुटतं.

हे काही कालपरवाचं फॅड नाही. पी. डब्ल्यू. झिमरमन आणि फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९३५ साली अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूट या वनस्पती संशोधन संस्थेतून दाखवून दिलं की इंडोल ब्युटिरिक ॲसिड म्हणजे आयबीए आणि नॅफ्थलिन ॲसिटिक ॲसिड म्हणजे एनएए यांनी खोडावर मुळं फुटतात. (संख्याशास्त्र शिकलेल्यांना विल्कॉक्सन चाचणी माहीत असेल. तोच हा माणूस.) रोपवाटिका आजही हीच दोन रसायनं वापरतात. उपयोग नसता तर इतकी वर्षं कुणी खर्च केला असता?

पानोपानी

बोगनवेलीबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. मी "बहुतेक झाडं" म्हटलं होतं, सगळी नाही. पण रोपवाटिकेचं उदाहरण घरी तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे धुक्यासारखे फवारे असतात, बुडाशी २१ ते २५ अंश सेल्सिअस ऊब राखलेली असते, माध्यम स्वच्छ असतं आणि फांदी निवडणारा हात सरावलेला असतो. एवढं सगळं जागेवर असताना संजीवक शेवटची भर घालतं. आपल्याकडे फांदी उन्हात, माती चिकट, पानं सगळी तशीच ठेवलेली आणि बुडाला मात्र पावडर! अशी फांदी मेली की माणूस दुसऱ्या कंपनीची डबी आणतो. माझा राग त्यावर आहे.

ओलावा

पानोपानी यांना पूर्ण अनुमोदन. वर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी आणि खाली निम्मं कोकोपीट, निम्मं पर्लाइट. या दोन गोष्टींनी जेवढी कलमं वाचतात तेवढी कुठल्याच डबीने वाचत नाहीत.

कोरफडप्रेमी

पण रसायनच का हवं? मी कापलेल्या टोकाला कोरफडीचा गर लावते, नाहीतर दालचिनीची पूड किंवा मध. विलोच्या फांद्या भिजवलेलं पाणीही चालतं म्हणतात. घरात लहान मुलं, मांजर, सगळं असतं. मला तरी ते बरं वाटतं.

गच्चीवरची बोगनवेल

ताई, या चार गोष्टी एका रांगेत नका बसवू. दालचिनीत बुरशीला अटकाव करणारे घटक आहेत, मूळ फुटवणारं काही नाही. शिवाय ती टोक कोरडं करते. कॅक्टससारख्या झाडाची जखम सुकवायला ते ठीक आहे, पण पाणी ओढू पाहणाऱ्या कोवळ्या फांदीला नको. मध घट्ट असताना जंतूंना वाढू देत नाही हे खरं. ओल्या मातीत पातळ झाला की उरते साखर, आणि साखरेवर बुरशी पोसली जाते.

विलोचं वेगळं. त्याची मुळं फारच सहज फुटतात, सालीत सॅलिसिलिक ॲसिडच्या कुळातली द्रव्यं असतात आणि कोवळ्या शेंड्यात ऑक्झिनही. त्यामुळे त्या कल्पनेत तथ्य आहे. अडचण मात्रेची. कुठल्या महिन्यातली फांदी, किती पाणी, किती वेळ भिजवली, यावर सगळं बदलतं. डबीवर निदान टक्केवारी छापलेली असते.

पानोपानी

टक्केवारीचा विषय निघालाच आहे तर तो सोडू नका, कारण डबी घेणारा नेमकं तेच वाचत नाही. आयबीएची पावडर साधारण तीन ताकदींत मिळते: कोवळ्या हिरव्या फांदीसाठी ०.१ टक्का, अर्धवट जून फांदीसाठी ०.३ टक्के आणि पूर्ण जून, काष्ठमय फांदीसाठी ०.८ टक्के. म्हणजे जून बोगनवेलीची डबी कोलियसला लावली तर आठपट डोस झाला.

पेरापासून_पेरापर्यंत

मला वाटतं दोन्ही बाजूंनी एक गोष्ट निसटतेय. संजीवक मूळ देऊ शकतं, डोळा देऊ शकत नाही. रबरप्लांटचं नुसतं पान देठासकट तोडून पावडर लावून खोचलेलं कितीतरी घरांत बघायला मिळतं. त्याला मुळं येतात, छान भरपूर येतात. पान महिनोन् महिने हिरवंगार राहतं, लावणाऱ्याला वाटतं आता नवी पालवी फुटेल. ती येत नाही, कारण पानाबरोबर खोडाचा तुकडा आणि त्यावरचा डोळा आलेलाच नसतो. आफ्रिकन व्हायोलेट किंवा रेक्स बिगोनियाचं पान मात्र स्वतः नवे अंकुर घडवू शकतं, म्हणून तिथे पानावरून रोप होतं. आणि पामच्या फांद्या लावून पावडरीला दोष देणाऱ्यांसाठी: ती फांदी नसतेच, ते पान असतं. त्याला कितीही आयबीए लावा.

गच्चीवरची बोगनवेल

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण हा दोष पावडरीचा नाही, माहिती नसण्याचा आहे. चुकीच्या ठिकाणी वापरलं म्हणून औषधच निरुपयोगी कसं?

शेणखत आणि सावली

जरा बाजूचा विषय, पण याच पंथातला. कुंडी बदलल्यावर "मुळांसाठी" म्हणून बाटल्या विकल्या जातात त्यांचं काय? त्यात व्हिटॅमिन बी-१ असतं, ह्युमिक ॲसिड असतं, समुद्रशेवाळाचा अर्क असतो. मी समुद्रशेवाळाचा अर्क वापरतो आणि माझी झाडं पुनर्लागवडीनंतर लवकर सावरतात. अनुभव आहे, तो नाकारू नका.

ओलावा

अनुभव नाकारत नाही. पण अर्क देताना तुम्ही कुंडीभर पाणीही देता आणि झाड सावलीत ठेवता. सावरायला तेवढंही पुरतं. शेजारी तसंच एक झाड नुसत्या पाण्यावर ठेवलं होतं का?

बी-१ची गोष्ट तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स बॉनर यांनी १९३०च्या दशकात वाटाण्याची मुळं झाडापासून वेगळी काढून काचपात्रात वाढवली, तेव्हा त्या मुळांना बी-१ लागतं असं दिसलं. पण पानं असलेलं अख्खं झाड ते स्वतः बनवतं आणि मुळांना पोचवतं. कुंडीतल्या झाडाला ते बाहेरून ओतून काही मिळत नाही. ही माहिती जुनी आहे, तरी बाटली विकली जातेच. मुळांसाठी म्हणून भरमसाट स्फुरद (फॉस्फरस) घालणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: मातीत स्फुरद फार झालं की मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचं नातं कमजोर होतं. म्हणजे मदत करायला जाऊन मुळांचा मदतनीसच घालवायचा.

कोरफडप्रेमी

मग पुदिना, तुळस यांना पावडर लावली तर? नंतर पानं खाल्ली जातात म्हणून विचारते.

पानोपानी

खायच्या झाडांना चालते असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लावू नका. या दोघींना गरजही नाही. पाण्याच्या पेल्यात ठेवा, पाण्यात बुडणारी पानं काढा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला.

गच्चीवरची बोगनवेल

ज्यांना जून फांद्यांसाठी वापरायचीच आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण पावडरीचं अपयश बहुतेक वेळा इथे घडतं. डबीत फांदी बुडवू नका. ओल आणि बुरशी आत गेली की सगळी पावडर वाया. लागेल तेवढी कागदावर काढा, उरलेली टाकून द्या. फांदीचं टोक ओलसर असावं, ओलंचिंब नको. बुडाशी साधारण दोन सेंटिमीटर साल एका बाजूने हलकेच खरवडा, पावडर टेकवा आणि फांदी बोटाने टिचकी मारून झटका. दिसायला पुसट थर उरला पाहिजे. मग काडीने आधी भोक पाडा आणि त्यात फांदी ठेवा. सरळ खुपसली तर पावडर वरच निघून येते, आणि हे फार जण करतात. डबी थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी; खिडकीत नाही.

पानोपानी, तुम्हाला खात्री हवी असेल तर एकाच बोगनवेलीच्या, एकाच दिवशी कापलेल्या, सारख्या जाडीच्या फांद्या घ्या. निम्म्यांना लावा, निम्म्यांना नाही, आणि एकाच ट्रेमध्ये ठेवा. मग बोलू.

पानोपानी

जून बोगनवेलीत तुमच्या निम्म्या फांद्या पुढे जातील हे मी आजच मानतो. तोच प्रयोग मनीप्लांटवर आणि कोलियसवर करा एवढंच माझं मागणं. नवख्या माणसाला मात्र मी पहिलं कलम डबीशिवायच करायला सांगेन. पेर कुठे असतं, किती पानं ठेवायची, ओल किती लागते, हे त्याला फांदीकडे बघून कळलं पाहिजे.

गच्चीवरची बोगनवेल

इथेच आपलं जुळत नाही. नवख्याला अनंत आवडलं, त्याने शेजाऱ्याकडून मोठ्या हौशीने तीन फांद्या आणल्या, तर मी त्याला आधी कोलियसवर हात बसव असं सांगणार नाही. पेर दाखवीन, पिशवी घालायला लावीन आणि ०.३ टक्केवाली पावडरही देईन. त्या तीनच फांद्या आहेत त्याच्याकडे.