मदत हवी आहे: एकमेकांना धरून असलेले ऑब्जेक्ट फॅरोच्या इन्स्पेक्टरमध्ये कसे बघायचे?

नमस्कार मंडळी,

स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेवर काम केलेलं कोणी इथे असेल तर थोडा वेळ द्या. कोथरूडमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांच्या एका छोट्या गटाला मी फॅरोवर (स्मॉलटॉकचंच एक रूप) ऑब्जेक्ट शिकवते. फॅरो मुद्दाम निवडलं. ओळ निवडायची, इन्स्पेक्ट म्हणायचं, की चालू असलेला ऑब्जेक्ट त्याच्या इन्स्टन्स व्हेरिएबलसकट (त्याने स्वतःजवळ धरलेली माहिती) समोर उघडतो. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून जे पटत नाही ते इथे लगेच पटतं.

उदाहरण पीएमपीच्या बसचं घेतलंय. क्लास दोनच, थांबा आणि मार्ग. थांब्याला आपलं नाव आणि तिथून जाणारे मार्ग माहीत, मार्गाला आपलं नाव आणि ओळीने सगळे थांबे माहीत: स्वारगेट, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज. म्हणजे स्वारगेटच्या आत मार्ग आणि त्या मार्गाच्या आत पुन्हा तोच स्वारगेट. एका बाजूचा दुवा काढून टाका असं कृपया सुचवू नका. "इथून कुठल्या बस जातात" आणि "ही बस कुठे कुठे थांबते" हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि असं चक्र कसं हाताळायचं हेच मला मुलांना शिकवायचंय.

दोन्ही क्लासना आम्ही स्वतःचं प्रिंटऑन: लिहिलं (ऑब्जेक्ट मजकुरात कसा दिसावा ते सांगणारी मेथड; ती मजकूर स्ट्रीममध्ये ओळीने लिहीत जाते). थांब्याचं असं (कोड देवनागरीत उतरवतेय):

प्रिंटऑन: स्ट्रीम
    स्ट्रीम नेक्स्टपुटऑल: नाव.
    स्ट्रीम प्रिंट: मार्ग

मार्गाचंही तसंच, फक्त तिथे थांबे. आता स्वारगेट प्रिंट केला की स्वारगेट, मार्ग, स्वारगेट, मार्ग अशी लांबच लांब माळ येते आणि शेवटी टिंबं व एटसेट्रा. पद्मावतीचं नाव त्यात एकदाही येत नाही. पण निदान छापणं संपतं तरी.

गटातल्या एका मुलीने थांब्याची शेवटची ओळ प्रिंटस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर स्ट्रिंग म्हणून देणारी मेथड) वापरून अशी लिहिली:

    स्ट्रीम नेक्स्टपुटऑल: मार्ग प्रिंटस्ट्रिंग

तिच्या मशीनवर इन्स्पेक्ट म्हटल्याबरोबर सगळं गोठतं आणि मेमरी चढत जाते. ऑल्ट आणि टिंब दाबून सुटका होते, पण डीबगर (कोड थांबवून आत बघायचं साधन) उघडला की तोही पुन्हा अडकतो.

दोन्ही ओळींचा अर्थ मला तरी एकच वाटतो. मग एक संपते आणि दुसरी संपत नाही, असं का? आणि ही रचना इन्स्पेक्टरमध्ये नीट दिसावी, चक्र कुठे बंद होतं तेही कळावं, यासाठी स्मॉलटॉकची रुळलेली पद्धत कोणती?

प्रतिसाद

ताई, प्रश्न फार नेमका मांडलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रिंटस्ट्रिंग आतून प्रिंटस्ट्रिंगलिमिटेडटू: ला ५०,००० अक्षरांची मर्यादा देऊन बोलावतं. त्यासाठी एक मर्यादित स्ट्रीम तयार होतो, तो भरला की छपाई तिथेच तोडली जाते आणि पुढे एटसेट्रा चिकटतं. तुमच्या ओळीत प्रिंट: तोच स्ट्रीम आत आत पाठवतं. प्रत्येक फेरीला थोडी अक्षरं पडतात आणि कधीतरी ५०,००० भरतात. चक्र कुणीच ओळखलेलं नाही, फक्त कागद संपला. पद्मावती न दिसण्याचं कारणही हेच: मार्गाचा पहिला थांबा स्वारगेट, त्यात शिरलं की दुसऱ्या थांब्याची पाळीच येत नाही.

मुलीच्या ओळीत प्रत्येक फेरीला प्रिंटस्ट्रिंग नव्याने बोलावलं जातं, म्हणजे दर वेळी नवा कोरा स्ट्रीम आणि नवी मर्यादा. कुठल्याही एका स्ट्रीममध्ये नाव आणि कंस यापलीकडे काही पडतच नाही, मग भरणार कसा? शिवाय स्मॉलटॉकमध्ये प्रत्येक कॉलचा कॉन्टेक्स्ट (त्या कॉलची चालू नोंद) हाही ऑब्जेक्टच. स्टॅक (या नोंदींची चळत) वाढला की ते कॉन्टेक्स्ट हीपवर, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीत जातात, त्यामुळे ठरावीक खोलीला स्टॅक संपून एरर येत नाही, मेमरी खाल्ली जाते. डीबगर अडकतो कारण रिसीव्हर (ज्या ऑब्जेक्टची मेथड चालू आहे तो) आणि व्हेरिएबल दाखवायला तोही त्या ऑब्जेक्टना प्रिंटच करायला सांगतो.

इन्स्पेक्टरचा यात काही दोष नाही. तो एका वेळी एकच पातळी उघडतो, तुम्ही क्लिक केलंत तरच पुढची. प्रत्येक ओळीपुढे दाखवायचा मजकूर मात्र तो ऑब्जेक्टकडूनच मागतो. म्हणून माझा ठाम आग्रह असा, की प्रिंटऑन: ने ऑब्जेक्टची ओळख सांगावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नाही. नाव आणि मार्ग साइझ (मार्गांची संख्या) एवढं पुरे. प्रिंटऑन: मध्ये दुसऱ्याचं प्रिंटस्ट्रिंग बोलावणं तर टाळाच.

मग मुलांना स्वारगेट, मार्ग, थांबे, पुन्हा स्वारगेट असं क्लिक करत जाऊ द्या, उजवीकडे एकेक खण उघडत जाईल. शेवटचा स्वारगेट तोच का, हे तपासायला == वापरा. आयडेंटिटीहॅश (ऑब्जेक्टला मिळालेला ओळखीचा आकडा) सारखा आला म्हणून विसंबू नका, दोन वेगळ्या ऑब्जेक्टचा तो एक असू शकतो.

पूर्ण रचना एकत्र हवी असेल तर इन्स्पेक्टरला स्वतःचा टॅब जोडा. आताच्या फॅरोत मेथडवर इन्स्पेक्टरप्रेझेंटेशनऑर्डर:टायटल: हा प्रॅग्मा (मेथडला जोडायची खूण) लावायचा आणि मेथडने एक प्रेझेंटर (टॅबमधला मजकूर मांडणारा ऑब्जेक्ट) परत द्यायचा. आतलं फिरणं आयडेंटिटीसेट (== ने तुलना करणारा संच) घेऊन करा: ऑब्जेक्टमध्ये शिरताना त्याला सेटमध्ये टाका, बाहेर पडताना काढा. शिरण्याआधीच तो सेटमध्ये असेल तर चक्र बंद झालं, तिथे नाव आणि एक बाण लिहून परत फिरा. पायथनमध्ये स्वतःलाच धरलेली लिस्ट छापली की चौकटी कंसात तीन टिंबं येतात, त्यामागचा विचार हाच.

साधा सेट घेऊ नका. तो = आणि हॅश (ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा) विचारतो. मुलांनी उद्या थांब्याचं हॅश मार्गांवरून आणि मार्गाचं थांब्यांवरून काढलं तर कलेक्शनचं हॅश आतल्या प्रत्येकाचं हॅश मागेल, आणि तिथे अक्षरांची मर्यादाही नाही.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. कोरा स्ट्रीम हे कारण वाचल्यावर मुलीची ओळ आणि माझी ओळ शेजारी ठेवून पहिल्या दोन फेऱ्या तपासल्या. दोन फेऱ्यांच्या स्ट्रीमवर == लावलं की एका ठिकाणी ट्रू, दुसऱ्या ठिकाणी फॉल्स. गटाला हे फार आवडलं.

टॅबही केला. एका मार्गाला उत्तम चालतो. पण डेक्कन, शिवाजीनगर, हडपसर असे बरेच मार्ग जोडल्यावर टॅब येतच नाही. बाण पडतायत, म्हणजे अनंत चक्र नसावं. मग हे काय?

प्रतिसाद

अनंत नाही, पण प्रचंड आहे. बाहेर पडताना सेटमधून काढल्यामुळे तोच थांबा प्रत्येक वेगळ्या वाटेने पुन्हा पूर्ण उलगडला जातो. मार्ग एकमेकांना छेदायला लागले की अशा वाटांची संख्या भराभर गुणत जाते.

दोन आयडेंटिटीसेट ठेवा. पहिला "सध्याच्या वाटेवर", यातून बाहेर पडताना काढायचं. दुसरा "एकदा उलगडलेले", यातून कधीच काढायचं नाही. आधी पहिला तपासा: सापडला तर चक्र, बाण लिहा. मग दुसरा: सापडला तर तो फक्त सामायिक आहे, नाव लिहून पुढे चला. प्रत्येक ऑब्जेक्ट एकदाच उलगडेल. दोघांना खुणा मात्र वेगळ्या द्या. शिवाजीनगर दोन मार्गांत येणं आणि स्वारगेटवरून फिरून स्वारगेटलाच येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकच सेट ठेवला तर टॅबमध्ये त्या सारख्याच दिसतील.

आणि सेटमधून काढण्याची ओळ एन्शुअर: मध्ये टाका. मधेच एरर आली तरी पहिला सेट स्वच्छ राहील.